रूनस्केपमधला पैसा येतो कुठून आणि जातो कुठे?

रूनस्केप हा ऑनलाइन गेम ४ जानेवारी २००१ रोजी इंग्लंडमध्ये सुरू झाला. केंब्रिजला शिकणारा अँड्र्यू गावर आणि त्याचा भाऊ पॉल यांनी तो घडवला. तो इंटरनेट ब्राउझरमध्ये चालायचा, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागायचं नाही. चित्रं ठोकळ्यांसारखी, माणसांची बोटंसुद्धा नीट दिसायची नाहीत. त्यानंतर त्याच्यापेक्षा शंभरपट देखणे गेम आले आणि विस्मरणातही गेले. रूनस्केप मात्र पाव शतक उलटल्यावरही जोरात आहे. २०२५ मध्ये त्याच्या जुन्या धाटणीच्या आवृत्तीत एका वेळी दोन लाखांहून जास्त माणसं खेळताना दिसत होती.

असं का, हे विचारलं तर जुने खेळाडू जुन्या आठवणींकडे बोट दाखवतील. ते खरंच आहे, पण अपुरं आहे. माझ्या मते खरं कारण बाजारात आहे. या खेळातल्या नाण्याला किंमत आहे आणि ती किंमत राखण्यासाठी कंपनीला आणि खेळाडूंना वीस-पंचवीस वर्षं झगडावं लागलं आहे. ड्रॅगन, तलवारी, जादूटोणा ही झाली वरची सजावट. आत चालतं ते एका छोट्या देशाचं अर्थकारण. मुलगा किंवा मुलगी तासन्तास ‘ग्राइंड’ (तेच काम पुन्हा पुन्हा) करते म्हणजे नक्की काय करते, हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी आणि ज्यांना कळतं पण समजावता येत नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी खेळाची ओळख

अशा खेळात एक काल्पनिक जग असतं आणि ते कंपनीच्या सर्व्हरवर चोवीस तास चालू असतं. तुम्ही कॉम्प्युटर बंद केलात तरी तिथला बाजार, तिथली जंगलं, तिथली बाकीची माणसं चालूच राहतात. तुमच्या स्क्रीनवर दिसतं ते त्या जगाचं फक्त चित्र. तुमच्या पात्राकडे किती नाणी आहेत, कोणती तलवार आहे, मासेमारीत त्याचा हात किती बसला आहे, ही सगळी नोंद सर्व्हरकडे असते.

रूनस्केपमध्ये अशी अनेक ‘वर्ल्ड्स’ आहेत आणि एकेका वर्ल्डमध्ये साधारण दोन हजार खेळाडू मावतात. नकाशा सगळीकडे एकच, माणसं वेगळी. पात्र एकच, ते हव्या त्या वर्ल्डमध्ये न्यायचं.

या जगाचं घड्याळ संथ आहे. दर ०.६ सेकंदाला सर्व्हर एकदा सगळ्यांच्या हालचाली गोळा करतो आणि निकाल लावतो. याला खेळाडू ‘टिक’ म्हणतात. तुम्ही क्लिक केलंत की पुढच्या टिकला पात्र चालतं, कुऱ्हाड मारतं, मंत्र टाकतं. आजच्या झटपट गेम्सच्या मानाने हा वेग कासवाचा. पण त्यामुळेच जुन्या मशीनवर आणि रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवरही रूनस्केप व्यवस्थित खेळता येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे व्हेनेझुएलाच्या वेळी तिचा संबंध येणार आहे.

खेळाला ठरलेला शेवट नाही. पात्राची कौशल्यं वाढवत जायची: लढाई, मासेमारी, लाकूडतोड, स्वयंपाक, कातडीकाम, जादू वगैरे. प्रत्येक कौशल्य ९९ व्या पातळीपर्यंत नेता येतं आणि त्यासाठी १,३०,३४,४३१ गुण लागतात. गंमत अशी की दर सात पातळ्यांमागे लागणारे गुण जवळजवळ दुप्पट होतात. त्यामुळे ९२ व्या पातळीवर पोचलेला माणूस निम्म्याच वाटेवर असतो. उरलेल्या सात पातळ्यांना आधीच्या ९१ पातळ्यांइतकीच मेहनत लागते. म्हणजे इथे सगळ्यात महाग वस्तू कोणती, तर वेळ. पुढचं सगळं अर्थकारण याच एका गोष्टीभोवती फिरतं.

एका कातड्याचा प्रवास

आता एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ.

नकाशाच्या उत्तरेला ‘वाइल्डरनेस’ नावाचा ओसाड मुलूख आहे. तिथे एक खेळाडू दुसऱ्या खेळाडूला मारू शकतो आणि त्याच्याजवळचं सामान लुटू शकतो. याच मुलखात हिरवे ड्रॅगन फिरतात. एक ड्रॅगन मारला की त्याची हाडं आणि हिरवं कातडं जमिनीवर पडतं. खेळाडूच्या पिशवीत २८ खणच असतात. त्यातले काही खाण्याच्या वस्तूंनी भरलेले. तेव्हा दहा-बारा ड्रॅगन मारून झाले की पिशवी भरते आणि जीव मुठीत धरून बँक गाठावी लागते.

हाडं पुरली की प्रार्थनेच्या कौशल्याचे गुण मिळतात आणि हाडं कायमची नाहीशी होतात. म्हणून ज्यांना प्रार्थना वाढवायची आहे ते हाडं विकत घेतात.

कातड्याचा प्रवास लांबचा आहे. ते न्यायचं अल खारिद नावाच्या वाळवंटी गावात. तिथला चांभार एका कातड्यामागे २० नाणी घेऊन ते कमावून देतो. हा चांभार म्हणजे कोणी खेळाडू नाही, कंपनीने उभं केलेलं पात्र आहे. त्याला दिलेली २० नाणी कोणाच्याच खिशात जात नाहीत, ती जगातून पुसली जातात.

मग कमावलेल्या तीन कातड्यांचं एक चिलखत शिवायचं. त्यासाठी कातडीकामाची पातळी ६३ हवी. ती नसलेला माणूस कातडी विकून मोकळा होतो आणि असलेला माणूस ती घेऊन चिलखतं शिवत बसतो. चिलखतं इतकी तयार होतात की अंगात घालायला तेवढी माणसंच नाहीत. मग उरलेल्या चिलखतांचं काय?

त्यावर ‘हाय अल्केमी’ नावाचा मंत्र आहे. जादूची ५५ वी पातळी गाठलेला खेळाडू एक नेचर रून आणि पाच फायर रून (रून म्हणजे मंत्र टाकायला लागणारे जादूचे दगड) खर्चून जवळजवळ कोणत्याही वस्तूची नाणी करू शकतो. प्रत्येक वस्तूला कंपनीने एक मूळ किंमत ठरवून दिलेली आहे आणि मंत्राने तिच्या ६० टक्के नाणी मिळतात. हिरव्या चिलखताची मूळ किंमत ७,८००. त्यामुळे मंत्र टाकला की चिलखत गायब आणि हातात ४,६८० नाणी.

ही नाणी कोणी दिली? कोणीच नाही. क्षणापूर्वी ती अस्तित्वातच नव्हती. दुसऱ्या खेळाडूच्या खिशातून ती आली नाहीत, कंपनीच्या तिजोरीतूनही नाही. हा मंत्र म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या हाती दिलेली टांकसाळच म्हणायची. एका मंत्राला पाच टिक, म्हणजे तीन सेकंद लागतात. तासाला १,२०० मंत्र. एकट्या खेळाडूने तासभर नेटाने हे केलं तर ५६ लाखांहून जास्त नवी नाणी जगात येतात. असे खेळाडू हजारोंनी आहेत.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. म्हणून तो खेळाडू तासाला ५६ लाख *कमावतो* असं नाही. चिलखत आणि नेचर रून विकत घेण्यातच त्यातले बहुतेक पैसे जातात. ते पैसे शिवणाऱ्याकडे, त्याच्याकडून ड्रॅगन मारणाऱ्याकडे आणि रून बनवणाऱ्याकडे पोचतात. मंत्र टाकणाऱ्याच्या पदरात थोडासा नफा आणि जादूचे गुण पडतात. पण नवं चलन सगळ्या साखळीत खेळायला लागतं आणि चिलखताला एक तळभाव मिळतो: बाजारात कोणी घेवो न घेवो, मंत्राने ४,६८० तर येणारच. शेतकऱ्याला हमीभाव मिळाला तर काय होतं, ते इथे स्वच्छ दिसतं. भाव कोसळत नाही, पण हमीभावासाठी लागणारा पैसा छापून दिला जातो.

नळ आणि मोरी

गेम बनवणाऱ्यांच्या भाषेत नवा पैसा जिथून येतो तो नळ आणि पैसा जिथे नाहीसा होतो ती मोरी. टाकीतलं पाणी एका पातळीला ठेवायचं तर दोन्हींचं गणित जमलं पाहिजे. नळ मोठा आणि मोरी तुंबलेली असेल तर नाण्यांचा पूर येतो आणि प्रत्येक वस्तू महागते. उलट झालं तर नव्या खेळाडूच्या हाती काहीच लागत नाही आणि तो कंटाळून निघून जातो.

नळ उघडा ठेवणं सोपं असतं, कारण पैसे मिळाले की खेळाडू खूश. मोरी बसवणं अवघड, कारण पैसे कापलेले कोणालाच आवडत नाहीत. म्हणून चांगली मोरी ती, जिच्यात माणूस आपणहून पैसे ओततो. २००६ मध्ये आलेलं घरबांधणीचं कौशल्य याचा उत्तम नमुना आहे. महागनीच्या एका ओंडक्याची फळी कापून घ्यायला लाकडाच्या वखारीत १,५०० नाणी मोजावी लागतात. ९९ व्या पातळीपर्यंत जायला अशा हजारो फळ्या लागतात. खेळाडू टेबल बांधतो, मोडतो, पुन्हा बांधतो आणि लाखो नाणी वखारवाल्याच्या हातात विरून जातात. बदल्यात त्याला मिळतो तो मान, दिवाणखाना आणि कुठूनही घरी परतायची सोय. तो आनंदाने खर्च करतो.

नाण्यांची मोरी झाली, पण वस्तूंचं काय? आपल्या जगात खुर्ची मोडते, बूट झिजतात, गाडी भंगारात जाते. खेळातलं दुर्मीळ धनुष्य मात्र दहा वर्षांनीही नवं कोरं असतं. राक्षस मारणारे रोज नवी धनुष्यं आणत राहतात, जुनी कुठे जात नाहीत. मालाचा साठा फक्त वाढतच जातो. त्याचा भाव आज ना उद्या घसरणार आणि ज्याने वर्षभर खपून ते मिळवलं त्याची मेहनत मातीमोल होणार.

यावर कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये शोधलेला उपाय मला फार हुशारीचा वाटतो. खेळाच्या मुख्य बाजारात होणाऱ्या विक्रीवर एक टक्का कर लावला. पुढे तो दोन टक्के झाला. करातून आलेल्या नाण्यांचा एक भाग वापरून कंपनी याच बाजारातून ठरावीक मौल्यवान वस्तू विकत घेते आणि नष्ट करून टाकते. म्हणजे एकाच कराने नाणीही कमी होतात आणि अति झालेला मालही. अगदी स्वस्त वस्तूंना कर नाही, त्यामुळे नवख्याला झळ लागत नाही. फार महाग वस्तूंवर कराची कमाल मर्यादा ५० लाख नाणी.

बाजार

सुरुवातीला असा बाजारच नव्हता. व्हॅरॉक नावाच्या शहरातल्या बँकेसमोर शेकडो पात्रं गर्दी करून उभी राहायची आणि रंगीत, लुकलुकणाऱ्या अक्षरांत ओरडायची: कोळसा विकणे आहे, लॉबस्टर घेणे आहे. कोणाला काय भाव चालू आहे ते कळायचं नाही. अनोळखी माणसाशी घासाघीस करायची, चॅट करून पटवायचं, फसवलं गेलं तर गप्प बसायचं. अनेकांना ते दिवस आजही प्रिय आहेत. मलाही त्यातली माणसामाणसांची घासाघीस आवडते, पण नवशिक्यांची तिथे जी लूट व्हायची ती विसरता येत नाही.

नोव्हेंबर २००७ मध्ये ‘ग्रँड एक्स्चेंज’ आलं. तिथे तुम्ही वस्तू आणि भाव सांगून ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं. जुळणारा ग्राहक मिळाला की सौदा आपोआप होतो. ग्राहक कोण ते कळतही नाही. एकाच माणसाने सगळा माल उचलून बाजार वेठीला धरू नये म्हणून दर चार तासांत एखादी वस्तू किती घेता येईल यावर मर्यादा आहे. तरीही स्वस्तात घेऊन महाग विकणारे ‘फ्लिपिंग’वाले असतातच. आलेख बघून, येणाऱ्या अपडेटचा अंदाज बांधून, ड्रॅगनकडे एकदाही न जाता श्रीमंत झालेले खेळाडू इथे ढिगाने आहेत.

श्रीमंतीची टोकाची गोष्ट सांगायची तर ती कागदी टोपीची. २००१ च्या नाताळात कंपनीने गंमत म्हणून जमिनीवर ‘ख्रिसमस क्रॅकर’ टाकले, म्हणजे दोन टोकांनी ओढून फोडायच्या कागदी नळ्या. दोघांनी मिळून क्रॅकर ओढला की एकाला कागदी टोपी मिळायची, सहा रंगांतली एखादी. तिचा उपयोग शून्य. ना संरक्षण, ना ताकद. पण मूळ खेळात त्या टोप्या पुन्हा वाटल्या नाहीत. खाती बंद पडत गेली, टोप्या कमी होत गेल्या आणि भाव चढत गेला. तो इतका चढला की एका टप्प्यावर टोपीची किंमत सर्व्हरला मोजताच येईना. खेळातल्या नाण्यांची रास २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जायची नाही, कारण ३२ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या तीच आहे (उणे आकड्यांसाठीही जागा ठेवावी लागते म्हणून निम्मी). त्याहून महाग टोपी घ्यायची तर रोकड पुरायची नाही, वर इतर वस्तू द्याव्या लागायच्या.

खरा पैसा शिरतो तेव्हा

वेळ महाग आहे हे वर आलंच. ज्याच्याकडे पगार आहे पण वेळ नाही आणि ज्याच्याकडे वेळ आहे पण पगार नाही, अशी दोन माणसं एकाच खेळात आली की काय होणार? एक दुसऱ्याला डॉलर देणार आणि खेळातली नाणी घेणार. हे रूनस्केपपुरतं नाही. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्येच ‘एव्हरक्वेस्ट’ या दुसऱ्या फँटसी गेमचा अभ्यास केला. तिथल्या वस्तू बाहेर डॉलरमध्ये विकल्या जात. त्या भावांवरून त्याने हिशोब मांडला, तर त्या काल्पनिक देशाचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरियाच्या मधोमध बसलं. राक्षस मारणाऱ्याची कमाई तासाला ३.४२ डॉलर निघाली. हा निष्कर्ष तेव्हा अनेकांना खुळचट वाटला होता, आज तो पाठ्यपुस्तकासारखा वाटतो.

कंपनीला याचा त्रास का व्हावा? नाणी विकणाऱ्या टोळ्या ‘बॉट’ चालवतात, म्हणजे आपोआप क्लिक करणारे प्रोग्रॅम. शेकडो बॉट दिवसरात्र ड्रॅगन मारतात, झाडं तोडतात. हाताने खेळणाऱ्याचा माल कवडीमोल होतो. त्याहून वाईट गोष्ट अशी की या टोळ्या चोरलेल्या क्रेडिट कार्डांवरून खेळाचं पैसे भरून मिळणारं सभासदत्व घेत. कार्डाचा खरा मालक तक्रार करी, बँक कंपनीकडून पैसे परत वसूल करी. असे प्रकार फार वाढले तर कार्ड कंपन्या व्यवहारच बंद करू शकतात. रूनस्केप चालवणाऱ्या जॅगेक्ससाठी हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

डिसेंबर २००७ पासून कंपनीने टोकाची पावलं उचलायला सुरुवात केली. खेळाडू एकमेकांना फुकट किंवा फार स्वस्तात काही देऊच शकणार नाहीत असं केलं. दोन्ही बाजूंची किंमत जवळपास सारखी असेल तरच सौदा व्हायचा. मग कोणी मुद्दाम वाइल्डरनेसमध्ये मरून नाणी पोचवेल, म्हणून तिथली खेळाडूंची आपसातली लढाईही काढून टाकली. नाणी विकणाऱ्यांचा धंदा बसला, पण त्याबरोबर मित्राला तलवार भेट देणंही संपलं. नव्या खेळाडूला मूठभर नाणी देणारा अनुभवी माणूस, हरवलं तर भाऊ मदत करील हा भरवसा, जिवाची जोखीम घेऊन केलेली लढाई, हे सगळं गेलं. रोगाचं निदान बरोबर होतं, पण औषधाने रोग्याचे हातपाय बांधले. अनेकांनी खेळ सोडला तो तेव्हाच. तीन वर्षांनी जॅगेक्सने मतदान घेतलं. दहा लाखांहून जास्त मतं पडली, दहातल्या नवांनी जुनी पद्धत परत मागितली आणि १ फेब्रुवारी २०११ ला ती परत आली.

दुसरा उपाय २०१३ मध्ये आला, त्याचं नाव ‘बॉंड’. तुम्ही खरे पैसे देऊन कंपनीकडून बॉंड घ्यायचा आणि तो खेळातल्या बाजारात नाण्यांना विकायचा. विकत घेणारा तो वापरून चौदा दिवसांचं सभासदत्व मिळवतो. पगारवाल्याला नाणी मिळाली, वेळवाल्याला फुकट खेळायला मिळालं, कंपनीला पैसे मिळाले आणि चोरबाजारातला विक्रेता मधून कटला. यात नवं नाणं एकही तयार होत नाही, ते फक्त एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जातं. श्रीमंताला नाणी विकत मिळतात हे खरं आणि ते ज्यांना खुपतं त्यांचा राग मला समजतो. तरी हा व्यवहार उजेडात होतो आणि त्यात कोणाचं कार्ड चोरीला जात नाही. म्हणून माझं मत बॉंडच्या बाजूचं आहे.

याच कंपनीने २०१२ मध्ये मुख्य आवृत्तीत चक्र फिरवून बक्षीस मिळवायचा प्रकार आणला आणि पुढे जास्तीच्या फेऱ्या पैशाला विकल्या. तो मला मुळीच पटत नाही. बॉंडमध्ये काय मिळणार ते आधी ठाऊक असतं, चक्रात नसतं. जुन्या धाटणीच्या आवृत्तीत हे चक्र आलं नाही, याचं तिच्या खेळाडूंना आजही समाधान आहे.

व्हेनेझुएला

बॉंड आले तरी चोरबाजार संपला नाही. याचं सगळ्यात हेलावून टाकणारं उदाहरण व्हेनेझुएलाचं. २०१६-१७ पासून त्या देशात महागाईने असा कहर केला की बोलिव्हार हे चलन हातात येईपर्यंत निकामी व्हायचं. महिन्याचं किमान वेतन काही डॉलरांवर आलं. अशा वेळी अनेक तरुण रूनस्केपकडे वळले. घरात जुना कॉम्प्युटर, नेट धड नाही, पण ०.६ सेकंदाच्या टिकला तेवढं पुरतं. दिवसभर हिरवे ड्रॅगन मारायचे, हाडं आणि कातडी विकायची, जमलेली नाणी डॉलरमध्ये किंवा बिटकॉइनमध्ये बदलून घ्यायची. नोकरीपेक्षा यात जास्त मिळायचं आणि त्यावर घरातलं किराणा सामान यायचं.

हे नियमबाह्य होतं, त्यामुळे खाती बंद व्हायची. शिवाय ड्रॅगन वाइल्डरनेसमधले. काही खेळाडूंनी २०१७ मध्ये तिथे व्हेनेझुएलाच्या खेळाडूंना हेरून मारायची सोपी पद्धत लिहून पसरवली. दुसऱ्या बाजूच्या खेळाडूंना त्याची किळस आली. नियम मोडणारा बॉट आणि पोटासाठी खेळणारा माणूस यांत फरक करावा की नाही, यावर तिथे जे वाद झाले ते मी वाचले आहेत. त्यात दोन्हीकडे प्रामाणिक माणसं होती. कातडी स्वस्त झाल्याने आपली मेहनत वाया गेली हे म्हणणारा खेळाडू खोटं बोलत नव्हता. पण माझं मन व्हेनेझुएलाच्या बाजूने आहे. ज्या देशाच्या चलनाची टाकी फुटली, तिथल्या माणसांनी एका काल्पनिक राज्यातलं नाणं जास्त भरवशाचं म्हणून हातात धरलं, कारण ते नाणं सांभाळणाऱ्यांनी मोरीकडे लक्ष दिलं होतं.

मार्च २०१९ मध्ये व्हेनेझुएलात देशभर वीज गेली आणि दिवसेंदिवस आली नाही. रूनस्केपच्या बाजारात कोणते भाव हलले याची चर्चा तेव्हा जगभरचे खेळाडू करत होते.

नियम कोण ठरवणार?

२०१२ च्या नोव्हेंबरमध्ये जॅगेक्सने लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि खेळाडूंचा पुन्हा मोठा ओघ बाहेर गेला. कंपनीकडे ऑगस्ट २००७ ची एक जुनी प्रत शिल्लक होती. ती परत सुरू करू का, असं विचारल्यावर जवळपास साडेचार लाख मतं पडली. २२ फेब्रुवारी २०१३ ला ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला. मी वर ज्या जुन्या धाटणीच्या आवृत्तीबद्दल लिहिलं ती हीच आणि आज मुख्य आवृत्तीपेक्षा गर्दी तिथेच जास्त आहे.

तिथे एक वेगळी प्रथा पडली. खेळात नवं काही घालायचं तर आधी खेळाडूंचं मत घ्यायचं. सुरुवातीला ७५ टक्के होकार लागायचा, २०२२ पासून ७० टक्के. २०१९ मध्ये कंपनीने ‘वॉर्डिंग’ नावाचं नवं कौशल्य मांडलं, त्यावर काम केलं, मतदानात ते पडलं आणि खरोखरच बासनात गेलं. जहाज चालवण्याचं कौशल्य २०१५ मध्ये नाकारलं गेलं होतं, २०२३ मध्ये खेळाडूंनी तेच निवडलं. यातून कामं रखडतात, बहुमताला न आवडणारी पण गरजेची दुरुस्ती अडकते. तरी २००७ चा धडा बघता ही किंमत मला योग्य वाटते. ज्या माणसाने एका पात्रात हजारो तास घातले आहेत, त्याला एका सकाळी उठून आपल्या तलवारीची किंमत शून्य झालेली बघावी लागू नये.

घरच्यांसाठी थोडं

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ वेगळे ठेवले. त्यानंतर ‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की अनेक घरांत रमीच डोळ्यांसमोर येते. रूनस्केपसारख्या खेळात पैसे लावून पैसे जिंकायचे नसतात. इथे विचारायचे प्रश्न निराळे आहेत: वेळ किती जातो, पैशाला विकलेलं चक्र किंवा आत काय आहे ते न कळता विकत घ्यायची बंद पेटी आहे का आणि मूल बाहेरच्या वेबसाइटवरून नाणी घेतंय का. शेवटच्याचं उत्तर हो असेल तर खातं बंद होण्याचा धोका आहेच, शिवाय कार्डाचा तपशील अनोळखी माणसाकडे गेलेला असतो.

संयमाची खरी परीक्षा मात्र आकड्यांत असते. एखादी वस्तू ५१२ राक्षसांमागे एकदा पडते असं लिहिलेलं असलं की मूल समजतं, ५१२ मारले की मिळणारच. तसं नसतं. प्रत्येक राक्षस नव्याने नाणेफेक करतो, आधीचे किती मारले याची त्याला आठवण नसते. ५१२ मारूनही शंभरातल्या ३७ जणांच्या हाती काही लागत नाही. १,०२४ मारूनही १३-१४ जण रिकामेच असतात. त्या वेळी रडवेल्या झालेल्या मुलाला ‘बंद कर तो गेम’ म्हणण्याऐवजी कागद-पेन्सिल घेऊन हे गणित त्याच्यासोबत मांडावं. संभाव्यतेचा इतका जिवंत धडा दुसरीकडे मिळायचा नाही.

आणि फसवणूक. ग्रँड एक्स्चेंजच्या बाहेर कोणी ना कोणी कायम ओरडत असतो, ‘नाणी द्या, दुप्पट करून देतो.’ पहिल्यांदा दहा हजारांचे वीस हजार खरंच देतो. दुसऱ्यांदा लाखाचे दोन लाख. तिसऱ्यांदा मूल सगळी जमापुंजी समोर ठेवतं. रूनस्केपमध्ये दोन खेळाडूंच्या सौद्याला दोन खिडक्या असतात. पहिल्या खिडकीत वस्तू मांडायच्या आणि होकार द्यायचा. मग दुसरी खिडकी उघडते, तिथे काय देताय आणि काय मिळतंय ते अक्षरांत पुन्हा लिहून येतं. दुपटीवाल्याला पैसे देताना ‘तुम्हाला मिळणार’ या रकान्यात स्वच्छ लिहिलेलं असतं: काहीही नाही. तरी होकाराचं बटण दाबलं, तर गेलेली नाणी जॅगेक्स परत देत नाही. मुलाला ती दुसरी खिडकी सावकाश वाचायला शिकवा.